सातव्या बॅचमधील निकेल

सातव्या बॅचच्या भुकटीत एका किलोमागे बाराशे मिलिग्रॅम निकेल आढळले. आधीच्या सहा बॅचमध्ये ते तीन मिलिग्रॅमच्या वर कधीच गेले नव्हते. वनस्पती गोळा करणारी बाई तीच होती, चक्की तीच होती आणि कॅप्सूल भरणारे हातही तेच होते.

कोटा किनाबालूच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी आहारपूरकांची तपासणी करते. बाटलीवर लिहिलेला गुणकारी घटक आत खरोखर आहे का, आणि न लिहिलेले काही आत आहे का, हे माझे दोन प्रश्न. दुसऱ्याचे उत्तर बहुधा कंटाळवाणे असते. सांधेदुखीच्या काढ्यात कोणी स्टेरॉइड मिसळलेले असते, हळदीत कोणी रंग. माणसाचा हात सापडला की अहवाल पूर्ण होतो.

या वेळचा नमुना रानाउकडच्या एका गावातील बायकांच्या सहकारी संस्थेचा होता. त्या भुईआवळी वाळवतात, दळतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. मी नवे आम्ल आणि नवी भांडी घेऊन नमुना पुन्हा विरघळवला. निकेलचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले द्रावण यंत्राला दिले. यंत्राने ते बिनचूक सांगितले. मग सातवी बॅच तिसऱ्यांदा दिली. बाराशे.

संस्थेच्या प्रमुख जुस्टिना गोंडिपोन यांना मी फोनवर आकडा सांगितला. दिवसाला सहा कॅप्सूल म्हणजे जवळजवळ तीन मिलिग्रॅम निकेल. प्रौढ माणसासाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. माल तसाच रोखून ठेवा, असे मी म्हटले. त्यांनी विचारले, "पण हे आलं कुठून?" मी म्हणाले, "बहुधा चक्कीतून. स्टीलमध्ये निकेल असतं."

हे वाक्य मी काहीही न मोजता उच्चारले होते. ते गावात पोहोचेपर्यंत त्यातला 'बहुधा' गळून गेला.

गुरुवारी सकाळी जुस्टिना प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्यामागे एक जुने पोते खांद्यावर आणि दुसरे बगलेत घेतलेला, चाळिशीचा एक बारीक माणूस होता. तो मायकिन, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चक्की तोच चालवत असे.

"डॉक्टर, हा बघा तुमचा चोर," जुस्टिना म्हणाल्या. "चांगली पाती विकून तापाईची दारू प्यायला आणि भंगारातली बसवली, असं अख्खं गाव म्हणतंय."

"प्यायलो असतो तर निदान मजा तरी आली असती, अक्का," मायकिन म्हणाला. त्याने पोते उघडून दळणाची दोन्ही पाती टेबलावर ठेवली. "ही तीच आहेत. जिथून घेतली तिथला शिक्का आहे बघा. रविवारी चर्चमधल्या मासनंतर सभा आहे. मला काढणार. ते काढू देत. पण मग खोऱ्यात कोण माझ्याकडे भात भरडायला आणेल?"

"कोणी नाही आणणार," जुस्टिना म्हणाल्या. "मी पण नाही. मी काय दगड आहे का, बहिणीचा संसार मोडलेला बघायला? म्हणून तर घेऊन आले ह्याला. डॉक्टर, खरं काय ते सांगा. वाईट असलं तरी चालेल."

मला जे आधी करायला हवे होते ते मी तेव्हा केले. अशा स्टीलमध्ये आठ टक्के निकेल असते, अठरा टक्के क्रोमियम. पाती झिजून निकेल आले असेल, तर त्याच्या दुपटीहून अधिक क्रोमियम सोबत यायला हवे. सातव्या बॅचमध्ये क्रोमियम होते दोन मिलिग्रॅम. पुढचा हिशेब कागदावर होण्यासारखा होता. एकशे चाळीस किलो भुकटीत एवढे निकेल उतरायला दोन किलो स्टील झिजावे लागले असते. मी पाती तराजूवर ठेवली. दोन्ही मिळून चार किलो. नवीन असतानाचे वजन मायकिनने सोबत आणलेल्या पावतीवर होते; फरक नऊ ग्रॅमचा.

"चक्कीचा संबंध नाही," मी म्हणाले. "मी चुकीचं बोलले होते. पाती सभेत दाखवा आणि हेही सांगा."

मायकिनने पाती परत पोत्यात घातली, फार सावकाश.

"सांगू," जुस्टिना म्हणाल्या. "पण लोक विचारतील, मग काय आभाळातून पडलं? उत्तर नसलं की बोट पुन्हा ह्याच्याकडेच वळणार."

ते खरे होते. दुसऱ्या पोत्यात त्याच बॅचची न दळलेली वनस्पती होती. माझ्याकडे एका रसायनात भिजवून वाळवलेला पांढरा कागद असतो. निकेल लागले की तो गुलाबी होतो. पाने ओली करून आम्ही तिघे एकेक पान त्यावर दाबत बसलो. पहिल्या तीस पानांनी कागद पांढराच ठेवला. एकतिसाव्या पानाने त्यावर स्वतःचा पूर्ण छाप उमटवला, शिरांसकट, जास्वंदीच्या रंगाचा.

मी दुसरा कागद घेतला. पुन्हा तेच. पान धुऊन पाहिले, कारण रंग वरच्या धुळीचा असू शकत होता. धुतलेल्या पानानेही तोच छाप दिला. धातू पानावर नव्हता, पानात होता.

संध्याकाळपर्यंत आम्ही पाचशे पाने दाबली. त्रेचाळीस गुलाबी झाली. ही त्रेचाळीस मी भिंगाखाली ठेवली: किंचित जाड, टोकाला थोडी निमुळती, आणि देठाशी लाकूड धरू लागलेला काडीचा तुकडा. भुईआवळी एका हंगामात जगून मरते. तिला लाकूड धरायला वेळ नसतो. या बॅचमध्ये गुणकारी घटक नेहमीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी भरला होता, हे मला तेव्हा आठवले. एवढा चढउतार वनस्पतीत असतोच, म्हणून मी तो सोडून दिला होता.

शनिवारी आम्ही रानाउच्या वर गेलो. वनस्पती गोळा करणारी लुमिंगकित सत्तरीची होती. सगळे तिला ओदू, म्हणजे आजी, म्हणत. तिने आम्हाला भात आणि तुहाऊचे लोणचे खाऊ घातले आणि मगच बोलू दिले.

"ह्या वेळी कुठून तोडलंत, ओदू?"

"नेहमीची जागा नदीपलीकडं. झुलता पूल एप्रिलात गेला. मग काय, उडत जाऊ? बरंचसं गावाभोवती मिळालं, उरलेल्यासाठी लाल कड्यावर गेले. रस्तावाल्यांनी झुडपं छाटली होती, तिथं कोवळं कोवळं भरपूर फुटलं होतं."

"पूर्वी तिथं जायचा का?"

"कशाला? ती माती भिकार. माझ्या बापानं तिथं डोंगरी भात लावून बघितला होता, धरलाच नाही."

"आणि भुईआवळीच आहे हे ओळखलं कसं?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. "शिकलेली ना तू, पोरी? पान उलटं करायचं. खाली दाण्यांची रांग असली की तीच. साठ वर्षं तोडतेय."

कड्यावर माती गंजासारखी होती. छाटलेल्या खुंटांभोवती गुडघाभर फुटवे आले होते, दुहेरी रांगेतल्या बारीक पानांचे. ओदूने एक फांदी उलटी केली. पानांखाली दाण्यांची रांग होती. तिची कसोटी अचूक लागू पडत होती. नदीपलीकडच्या मातीत ती लागू पडणारी एकच वनस्पती होती. इथे, त्याच कुळातली, दुसरी होती. प्रत्येक कसोटीची एक हद्द असते आणि ती ओलांडताना कसोटी स्वतः काही बोलत नाही. हे मला माझ्या यंत्रांमुळे ठाऊक आहे.

"एखाद्या जुन्या खुंटाची साल काढ," मी मायकिनला म्हणाले.

त्याने कोयत्याच्या टोकाने बोटभर साल सोलली. आतला थर निळसर हिरवा होता. कापलेल्या कडेवर त्याच रंगाचा एक थेंब जमला, फुगला आणि त्याच्या अंगठ्यावर ओघळला. झाडाच्या रसाला मी तो रंग कधी पाहिला नव्हता. तो मी फक्त बाटल्यांत पाहिला होता, निकेलच्या क्षारांच्या द्रावणात, लेबल लावलेल्या.

मी कागद टेकवला आणि तो इतका गडद झाला की गुलाबी म्हणता येईना.

"ह्याला होत काही नाही?" मायकिनने हळूच विचारले. "एवढं लोखंडासारखं पोटात घेऊन?"

"नाही. दुसरं कुठलंही झाड ह्याच्या शंभराव्या भागानं मेलं असतं."

"मग हे कशाला घेतं?"

"ठाऊक नाही. किड्यांनी खाऊ नये म्हणून, असं काही जण म्हणतात. माझं अजून समाधान झालेलं नाही."

मी 'चमत्कार' हा शब्द वापरत नाही. माझ्या धंद्यात तो बाटलीवर छापलेला असतो. तरी त्या खुंटापुढे मी किती वेळ उकिडवी बसले, ते मला सांगता येणार नाही. पायाखालची माती मी नंतर मोजली: किलोमागे सोळाशे मिलिग्रॅम. वाळलेली पाने: चौदा हजार. ज्या मातीने भाताला नकार दिला, तिच्यातून ही मुळे एकच धातू निवडून उचलत होती, मातीपेक्षा नऊपट दाट करत होती आणि पानापानात पोहोचवत होती. भट्टी नाही, आम्ल नाही, आवाज नाही. असे काम करायला माझ्या प्रयोगशाळेला तीन यंत्रे लागतात, आणि तीही मधूनमधून बिघडतात.

ओदू खाली बसली होती. "म्हणजे चूक माझी."

"तुमची नाही, ओदू," जुस्टिना म्हणाल्या. "झाडानंच सोंग घेतलं. उद्या सभेत मीच सांगते, आणि कोणी तोंड उघडलं तर त्याला ह्या कड्यावर आणून उभा करते."

"मला पण आण," मायकिन म्हणाला. "आणि त्यांना साल सोलायला लाव."

अहवाल मी त्याच दुपारी जुस्टिनांच्या ओसरीवर लिहिला, रविवारी वाचता यावा म्हणून:

'सातव्या बॅचमधील निकेल चक्कीचे नाही. तिची पाती मूळची असून झीज नगण्य आहे. बॅचमधील सुमारे साडेआठ टक्के पाने भुईआवळीची नसून, लाल मातीच्या कड्यावर वाढणाऱ्या तिच्याच कुळातील एका झुडपाची आहेत. हे झुडूप मातीतील निकेल स्वतःच्या पानांत साठवते. छाटणीनंतर फुटलेले त्याचे कोवळे फुटवे भुईआवळीसारखे दिसतात आणि त्यांनाही पानांखाली दाणे येतात, म्हणून ते तिच्यासोबत तोडले गेले.'