डाव्या खिडकीचं पॅनेल

डॉक्टरांनी ह्यांचा कार्डिओग्राम पाहिला आणि सांगून टाकलं, विमान उडवणं बंद. दोघांपुरतं एवढंसं विमान, पण ह्यांचा सगळा जीव त्यात. ते पुतण्याला द्यायचं ठरलं. तोही उडवायला शिकला होता. "आतली पॅनेलं उन्हानं तडकलीत. नवी बसवून देतो, मग ने," हे त्याला म्हणाले.

तसली पॅनेलं आता विकत मिळत नव्हती, म्हणून घरीच करायची. जुन्यांवरून ह्यांनी लाकडाचे साचे कोरले. प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत आवळून माझ्या ओव्हनमध्ये ठेवायचा, मऊ होऊन मधे झोळ आला की साच्यावर दाबायचा आणि खालून व्हॅक्यूम क्लीनरनं हवा ओढायची. पत्रा साच्याला घट्ट बिलगे. घरभर वास! मी म्हणे, "आता जेवायलाही पॅनेलच वाढते." हे हसत. त्या दिवसांत ह्यांचं हसणं तेवढंच.

सगळी झाली, एक सोडून. डाव्या खिडकीचं, म्हणजे ह्यांच्या बसायच्या जागेजवळचं. ते काही केल्या होईना. रोज विचारावं, तर "बिघडलं." पुतण्या फोन करून थकला. "काकू, बाकीची तर काकांनी झकास केलीत. हेच का अडलंय?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. मलाही राग यायला लागला होता.

एकदा मी बाजारातून लवकर परतले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. ह्यांच्या हातात पॅनेल होतं, नितळ, कुठे एक सुरकुती नाही. ह्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते परत ओव्हनमध्ये ठेवलं. मग काचेतून बघत स्टुलावर बसून राहिले. तापलं तसा खिडकीचा उंचवटा हळूहळू उतरला आणि पॅनेलचा पुन्हा सपाट पत्रा झाला. "प्लॅस्टिक आपला मूळचा आकार विसरत नाही बघ," असं ह्यांनीच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतं.

मी तशीच मागे फिरले आणि चपला आपटत पुन्हा आत आले.

"आजही बिघडलं?"

"बिघडलं."

"असू दे. घाई कुणाला आहे?" मी म्हटलं.

महिन्याभरात हे गेले. झोपेतच.

पुढे बऱ्याच दिवसांनी पुतण्या आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काकू, एवढं एकच राहिलंय. काका कसं करायचे, तुम्ही पाहिलंय ना?"

त्याला बाहेरच्या खोलीत बसवून मी पत्रा तापवला. साच्यावर दाबला, व्हॅक्यूम क्लीनर लावला. पहिल्याच खेपेला जमलं. पॅनेल हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला रडू आलं. एकदा हे बसवलं की विमान जाणार होतं. ओव्हन अजून गरम होता.

"जमलं का, काकू?" त्यानं बाहेरून विचारलं.

मी पॅनेल आत ठेवलं आणि ओव्हनचं दार लावलं.

"बिघडलं रे," मी म्हटलं.