चमचाभर पाणी

आईचं तेरावं झालं, तरी तिला पाणी द्यायची परवानगी अजून मिळालेली नव्हती. ती आयसीयूत वाट पाहत होती.

म्हणून हॉस्पिटलने बैठक बोलावली. तिची अखेरची काळजी कशी घेतली गेली, यावर डॉक्टर मत देणार होते. मला ऐकायला बोलावलं होतं. मी घरून तिची वाटी पाणी भरून नेली, आणि चमचा.

टेबलाच्या एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला खाटेसकट आई. खाटेवरची पाटी तशीच होती : तोंडावाटे काहीही देऊ नये.

"काळजीचा दर्जा उत्तम होता," प्रमुख डॉक्टर केळुसकर म्हणाले आणि समोरच्या ग्लासातलं घोटभर पाणी प्यायले. टेबल हातभर लांबलं. आई तेवढीच मागे सरकली.

"वेदना अजिबात नव्हत्या," डॉक्टर निमकर म्हणाल्या. त्याही पाणी प्यायल्या.

"तहान होती," मी म्हणाले.

"सलाइन चालू होतं, ताई. शरीरात पाणी भरपूर होतं."

"जीभ कोरडी होती."

"ठसका लागून जीव गेला असता."

"गेलाच की."

केळुसकरांनी पुन्हा ग्लास उचलला. टेबल भिंतीतून पलीकडे गेलं.

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर लोबो म्हणाल्या, "माझ्या सासूला आम्ही कापूस भिजवून द्यायचो, सर."

"ते घर, सिस्टर. हे आयसीयू." आणखी एक घोट. आई आता बोटाएवढी दिसत होती.

"तुमचं समाधान झालं ना, ताई?"

"नाही." मी चपला काढल्या, वाटीतलं पाणी चमच्यात घेतलं आणि टेबलावर चढले.

"खाली उतरा! पेशंटला इन्फेक्शन होईल!"

"होऊ दे."

दोन्ही बाजूंनी मतं येत राहिली. उत्तम. अतिशय उत्तम. प्रत्येक घोटाबरोबर टेबल माझ्यापुढे वाढत होतं. मी घाई केली नाही. चमचा हिंदकळला असता. मग एकेक ग्लास रिकामा झाला. आवाज घोगरे झाले, मग बंदच पडले. टेबल थांबलं.

"एवढ्याशा चमच्यासाठी एवढी मोठी मीटिंग?" आई म्हणाली. "वाटी घरचीच ना?"

"घरचीच."

मी पाटी काढून उताणी टाकली आणि त्या पाटीवरच गुडघे टेकले. आईने तोंड उघडलं. तेव्हा टेबलाभोवतीची सगळी तोंडं उघडली. सगळ्या जिभा कोरड्या होत्या. केळुसकरांनी ओंजळ पुढे केली.

"आधी आई," मी म्हणाले आणि चमचा कलता केला.