पाण्याखालची तपासणी

बादलीतल्या पाण्यात दाबून धरलेल्या कंडोममधून एक बारीक बुडबुडा वर आला, मागोमाग दुसरा आला, आणि मास्तर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर मटकन बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गॅसचे सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात भरलेला प्रत्येक सिलिंडर पाण्याच्या हौदातून पुढे सरकायचा आणि हे हौदाच्या काठावर बसून बुडबुडे शोधायचे. बुडबुडा दिसला की सिलिंडर बाद. अख्खी नोकरी यात गेल्यामुळे सगळे त्यांना गळतीमास्तर म्हणत. घरातही तोच खाक्या. सायकलची ट्यूब, गरम पाण्याची पिशवी, इतकंच काय, नातवासाठी आणलेली दुधाची बाटलीसुद्धा पाण्याखाली धरून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तेव्हा कचऱ्याच्या डब्यातून वापरलेला कंडोम शोधून काढावा, सायकलच्या पंपाने त्यात हवा भरावी आणि तो बादलीत बुडवावा, हे त्यांना सुचलं यात नवल नाही. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, आणि मास्तरांनाही न सुचतं तर बरं झालं असतं.

कारखान्यासमोर शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाई शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी आल्या होत्या. बाई विधवा, मास्तरांची बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. आधी गणवेशाच्या निमित्ताने आणि मग निमित्त न शोधता मास्तर वर्षभर त्या दुकानात डोकावत होते. दोघांनी चहा घेतला, टीव्ही लावला, टीव्ही बंद केला. पुढे जे झालं त्यात तारुण्यातली घाई नव्हती, संकोच मात्र तेवढाच होता. पाकीट बाईंनीच पर्समधून काढलं, मान खाली घालून. त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ त्यांच्या कपाकडे बघत बसले. घरात दुसरा उष्टा कप असणं किती छान असतं हे ते विसरूनच गेले होते.

फोन करावा असं रविवारी दिवसभर त्यांच्या मनात होतं. पण काय बोलायचं ते जुळेना. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या वजनकाट्यावाल्याने सहज विषय काढला. मास्तर त्या दुकानात फार दिसतात, असं तो हसत म्हणाला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिचा नवरा कशानं गेला माहितीये ना? एचआयव्हीनं."

मास्तरांनी अर्धा भरलेला डबा तसाच बंद केला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कचऱ्याचा डबा उपडा केला.

मंगळवारी ते सुट्टी टाकून सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या समुपदेशक मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. मास्तरांनी खुर्ची दारापासून लांब सरकवली आणि आधी मित्राची गोष्ट म्हणून सुरुवात केली. मॅडमनी मित्राची चौकशी केली, मित्राला घाम का फुटलाय तेही विचारलं, तेव्हा मास्तर मुकाट्याने स्वतःवर आले.

मॅडमनी एकेक प्रश्न विचारला. कंडोम सुरुवातीपासून होता का? होता. काढला तेव्हा धड होता? धड होता. आतलं आतच होतं? मास्तर खिडकीबाहेर बघत हो म्हणाले. मग भीती कसली, असं विचारल्यावर त्यांनी बादलीचा किस्सा सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"कचऱ्यात आणखी काय होतं?"

"दाढीचं पातं. डब्याचं एक झाकण."

"मग काका, ते भोक कचऱ्यातलं आहे, नाहीतर तुमच्या पंपाचं. त्या वेळी फाटला असता तर तेव्हाच कळलं असतं."

"आमच्याकडे बुडबुडा आला की सिलिंडर बाद. कुठून आला ते विचारत नाहीत."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी आवाज मऊच ठेवला. कंडोम धड असेल तर धोका नसल्यात जमा असतो, असं त्यांनी समजावलं. एका कपातून चहा प्यायल्याने, मिठी मारल्याने हा आजार होत नाही. संसर्ग झालेली व्यक्ती नीट औषधं घेत असेल आणि तिच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही. संसर्ग टाळायच्या गोळ्या आहेत, पण त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि मग महिनाभर न चुकता घ्याव्या लागतात. उगीच घेण्यासारख्या त्या नाहीत.

"माझ्या मते तुम्हाला गोळ्यांची गरज नाही. पण जीव एवढा टांगणीला लागला असेल, तर बाईंनाच विचारा ना. कधी तपासणी केली होती, एवढंच."

मास्तर व्हरांड्यात आले. दोन दिवस जो फोन करायचा राहून गेला होता, तो त्यांनी लावला. पलीकडून लगेच आवाज आला. मशीनची खडखड थांबली.

"मला वाटलं, नंबर हरवलात की काय," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या.

तेव्हाच फोन ठेवला असता तरी चाललं असतं. मॅडमनी गरज नाही म्हणून सांगितलंच होतं. पण बुडबुडा डोक्यातून जाईना. मास्तरांनी अडखळत विचारलं. दवाखान्यात आलोय हेही सांगून टाकलं.

मास्तरांनी दोनदा हॅलो म्हटलं.

"ते गेले तेव्हा माझी तपासणी झाली. नंतरही दोनदा मी स्वतः जाऊन करून घेतली. मला काही नाही. सांगा तुमच्या डॉक्टरांना."

"तसं नव्हे, मी आपलं..."

"त्यांनी माझी काळजी घेतली नव्हती, मास्तर. म्हणून पाकीट मी आणलं. ते गेल्यावर वर्षभर कुणी माझ्याकडे कपडे टाकत नव्हतं. आता टाकतात. हे सगळं या रविवारी मी तुम्हाला सांगणार होते, माझ्या तोंडानं."

"मग या ना रविवारी. मी वाट बघतो."

"रविवारी दुकान उघडं ठेवणार आहे," बाई म्हणाल्या. मग मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मॅडमनी त्यांचं रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. मनाच्या समाधानासाठी तीन महिन्यांनी पुन्हा एकदा या म्हणाल्या, आणि आता घरी जाऊन शांत झोपा. मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, फाटकापर्यंत.

रविवारी ते दुकानात गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक धडधाकट पँट पिशवीत घेतली होती. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं होतं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मास्तर त्यांच्यामागे उभे राहिले.

पाळी आल्यावर बाईंनी पँट उलटसुलट करून पाहिली आणि काय करायचं विचारलं. आखूड करा, मास्तर म्हणाले. किती, ते त्यांना सांगता येईना. बाई टेप घेऊन पुढे आल्या, खाली वाकल्या, घोट्यापाशी माप घेतलं. त्यांचा हात कुठे लागला नाही. गुरुवारी मिळेल म्हणाल्या आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी नाव सांगितलं. बाईंनी मान वर न करता आडनावही विचारलं, आणि त्यांनी तेही सांगितलं.