कानबाईचा रोट

शैलजाला दुपार सोसत नसे. सकाळ कशीही निघून जाई; दिलीपचा डबा, लेक श्वेताची वेणी, दारावरचा भाजीवाला. पण घर रिकामं झालं की तिच्या पायांना भिंगरी लागायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, घडी केलेली चादर उलगडून पुन्हा घडी करायची, गॅलरीत जाऊन खाली वॉचमनशिवाय कोणी नाही याची खात्री करून आत यायचं. दिलीप बँकेत अधिकारी, म्हणजे बदली पाचवीला पुजलेली. सांगलीत ती शाळेत लागली तर सोलापूरची ऑर्डर आली, सोलापुरात शिवणवर्ग काढला तर नागपूरची. आता सुरत. या वेळी तर मुलूखच परका. शेजारणी भल्या होत्या, ढोकळ्याची ताटली न चुकता पाठवायच्या, पण गप्पा गुजरातीत रंगल्या की शैलजाचं हसू सगळ्यांच्या मागून यायचं.

"तू एखादा क्लास लाव ना," दिलीप म्हणायचा. नवऱ्यांना बायकोच्या तगमगीवर एवढं एकच औषध ठाऊक असतं.

तिला औषध मिळालं ते बमरोलीत, शहराच्या टोकाला असलेल्या यंत्रमागांच्या वस्तीत. तरलिकाबेन म्हणून एक बाई होत्या, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. प्लेगच्या साली अर्धं शहर पळत सुटलं तेव्हा त्या मागे राहिल्या आणि चार मैत्रिणींना हाताशी धरून त्यांनी सेवामंडळ काढलं. लूमवर राबणाऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी बमरोलीत एक बालवाडी उघडली होती, दूध आणि औषधासकट. पोरं सगळी खान्देशातली. त्यांच्या आया काय बोलतात हे मंडळाच्या बायकांना कळेना, म्हणून त्या शैलजाकडे आल्या. "तमे मराठी छो ने? ए तमारा ज माणसो," तरलिकाबेन म्हणाल्या. तुमचीच माणसं.

शैलजा 'हो' म्हणून बसली. खरं सांगायचं तर अहिराणी तिला अर्धीमुर्धीच कळायची आणि खान्देश तिने पाहिला होता तो आगगाडीच्या खिडकीतून. पण 'तुमचीच माणसं' असं म्हणणारं या गावात दुसरं कोणी भेटलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर ती भाळली.

बालवाडी भरायची सुभद्राबाईंच्या बाहेरच्या खोलीत. सुभद्राबाईंचा नवरा भटू रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेला असे, आणि बाहेर त्यांची दहावी झालेली सून रंजना पोरांना गाणी शिकवे. शैलजा आधी आठवड्यातून एकदा जायची, मग रोज जायला लागली. ती आली की सुभद्राबाई म्हणायच्या, "बठा ताई, चहा ठेवस," आणि शैलजा फरशीवर फतकल मारून बसायची. दिवसभरात तेवढा वेळ तिचे पाय जागेवर असायचे. नाही म्हणायला, आपण सेवा करतो असं ती चारचौघांत सांगायची. पण गरज कोणाला होती ते तिचं तिला ठाऊक होतं.

आणि त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर तरलिकाबेननी बॉम्ब टाकला. मंडळाला बालवाडी एकच चालवणं झेपणार होतं. सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावात एका कारखानदाराने आयता हॉल देऊ केला होता. "बमरोलीची माणसं आपल्याला धरून नाहीत," त्या म्हणाल्या. "पोरं दूध पितात आणि जातात. तीन वर्षं झाली, कोणी घरी बोलावलंय आपल्याला? श्रावण झाला की ठरवू."

शैलजाचा जीव टांगणीला लागला. बमरोली गेली की पुन्हा ती दुपार, पुन्हा तो ओटा. काहीतरी करायला हवं होतं, आणि लगेच करायला हवं होतं. आतून उकळत असलं की माणूस विचार करत नाही, नुसतं करत सुटतं.

सुभद्राबाईंकडे कानबाई बसणार होती. श्रावणातल्या त्या रविवारी खान्देशी घरांत नारळाला देवीचा साज चढवून चौरंगावर बसवतात, गावाकडून भाऊबंद येतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन होतं. शैलजाने विचारलं, "आमच्या मंडळाच्या बायका दर्शनाला आल्या तर चालतील?"

"देवीनं घर शे, ताई," सुभद्राबाई हरखून म्हणाल्या. "कोनीबी या."

झालं. शैलजाने तरलिकाबेनना परस्पर आमंत्रण देऊन टाकलं. नुसतं आमंत्रण नाही, वर तिखटमीठही लावलं: तुम्हाला मुद्दाम बोलावलंय, तुमच्या हातून देवीची ओटी भरायची म्हणताहेत. तरलिकाबेन खरंच विरघळल्या. रविवारी त्या दोन मैत्रिणींसह साडी आणि नारळ घेऊन हजर झाल्या.

घर माणसांनी फुललं होतं. धुळ्याकडून आलेले दीर-पुतणे गल्लीत सतरंजीवर बसले होते. सुभद्राबाईंची लेक मंदा सासरहून आली होती, दाराशी बसून लसूण सोलत होती. ओटी भरली, आरती झाली. पाहुण्यांना खुर्च्या मिळाल्या, दुकानातून आणलेलं खमण आलं, चहा आला. सगळं कसं शैलजाच्या मनासारखं चाललं होतं. सुभद्राबाईंनी प्रत्येकीच्या हातावर फुटाणे आणि खडीसाखर ठेवली.

तरलिकाबेनचं लक्ष मात्र देवीपुढच्या परातीकडे गेलं. पांढऱ्या फडक्याखाली तुपाने ओले झालेले जाड जाड रोट दिसत होते. त्या हसून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "खरा प्रसाद तर तो दिसतोय. त्यातला द्या ना थोडा."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "तो नही देता येत, बेन," त्या हात जोडून म्हणाल्या.

तरलिकाबेननी शैलजाकडे पाहिलं. शैलजाने सुभद्राबाईंकडे पाहिलं. तिच्या माहेरी, सासरी, गणपतीत, सत्यनारायणाला, प्रसाद कधी कोणाला नाकारला म्हणून तिने ऐकलं नव्हतं. दारातल्या भिकाऱ्यालाही प्रसाद मिळतो. मग यांना काय झालं? आणि आज, नेमकं आजच?

"काय म्हणतात त्या?" तरलिकाबेननी गुजरातीत हळूच विचारलं. "आपलं दूध त्यांच्या पोरांना चालतं, आणि त्यांचा प्रसाद आपल्या हाताला चालत नाही?"

शैलजाच्या डोळ्यांपुढे सचिनचा तो हॉल उभा राहिला. सुभद्राबाईंना विचारायचं, 'का नाही देता येत?' एवढं एक वाक्य. त्यासाठीच तर मंडळाने तिला बमरोलीत आणलेलं. पण गल्लीत कोणी नवं आलं म्हणून सुभद्राबाई पदर सावरत बाहेर गेल्या, आणि शैलजाला तेवढा धीर कुठला! ती उठली, फडकं बाजूला केलं, वरच्या रोटाचा तुकडा मोडला आणि तरलिकाबेनच्या ओंजळीत ठेवला. "घ्या. त्या लाजतात हो, साधा झालाय म्हणून." आणि वाटू नये काही, म्हणून एक तुकडा स्वतःच्याही तोंडात टाकला.

"ताई!" मंदा एवढंच म्हणाली. तिच्या हातातला लसूण खाली पडला.

तरलिकाबेननी तुकडा डोळ्यांना लावून खाल्ला. सुभद्राबाई आत आल्या, परातीतला मोडका रोट त्यांनी पाहिला, मग शैलजाकडे पाहिलं. पाहुण्यांना कुंकू लावलं, शैलजालाही लावलं, आणि गाडीपर्यंत पोचवायला आल्या. गाडीत तरलिकाबेननी शैलजाचा हात दाबला. "बालवाडी इथेच राहील," त्या म्हणाल्या. "आज घरचं वाटलं मला."

शैलजा जिंकली होती. तरी घरी येऊन तिला बसवेना. दिलीपने दोनदा विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाली, उलट चांगलं झालं. आणि पुन्हा ओटा पुसायला लागली. मंदाचं ते 'ताई' कानातून जात नव्हतं.

विसर्जन झाल्यावर ती पेढे घेऊन बमरोलीला गेली. बाहेरच्या खोलीत पोरं नव्हती. रंजना त्यांना घेऊन शेजारच्या ओट्यावर बसली होती. सुभद्राबाईंनी शैलजाला दारातच पाट दिला, पाणी दिलं.

"तुमनं काम झालं ना, ताई?"

"झालं. बालवाडी इथेच राहणार."

"चांगलं झालं." त्या खाली बसल्या. शैलजाला कळावं म्हणून अहिराणीला मराठीकडे ओढत, थांबत थांबत बोलू लागल्या. "रोटना गहू काढतस ना, तव्हा घरना एकेकना नावाची मूठ टाकतस. ज्याची मूठ, त्याचाच घास. मंदाचं लगीन झालं त्या साली तिची मूठ टाकतांना मना हात थांबला. ती मूठ आता तिना सासरले. मी बारा घरचं दळण दळलं, पन पोटच्या पोरीले कधी ह्या रोटाचा तुकडा नाही दिला."

शैलजाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"त्या सांजले मी तिले तुकडा धरला. म्हटलं, बाहेरच्यांनी खाल्ला, मंग लेकीनं काय पाप केलं? तिनं नाही घेतला. म्हणे, माय, मनी मूठ तिकडे शे. मी आठे, ह्या घरी, खाल्ला तर तिकडची खोटी. आन् रडत गेली, ताई. सणाच्या दिवशी लेक रडत गेली."

"मला माहीत नव्हतं हो," शैलजा म्हणाली.

"तुमाले कसं माहीत राहीन?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पन भाऊबंद बसले. म्हणे, देवीच्या परातीले हात घातला ती बाई घरात नको. बालवाडी ऱ्हाऊ द्या, पोरं आमनीच शेत. पन तुमी..." पदराने त्यांनी डोळे पुसले.

उठता उठता शैलजाच्या मनात आलंच: तरलिकाबेनना सांगावं, ही जागा गेली, चला सचिनला, तिथे हॉल आहे, तिथे आपण रोज जाऊ. क्षणभर ते फार गोड वाटलं. मग ओट्यावर रंजनाभोवती दाटीवाटीने बसलेली पोरं दिसली आणि तिला स्वतःची किळस आली. पेढ्यांचा पुडा रंजनाच्या हातात देऊन ती निघाली.

घरी न जाता ती तडक तरलिकाबेनकडे गेली. दुपार होती, त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. शैलजाने बसायच्या आत सांगायला सुरुवात केली: आता बालवाडी रंजना चालवेल, पोरांना शिकवायची तिची हातोटी चांगली आहे, मी येणार नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सबब तोंडाशी आली होती. ती तिने गिळली. "तो रोट त्यांनी दिला नव्हता," ती म्हणाली. "मी न विचारता घेतला. तो फक्त कुळातल्यांनी खायचा असतो. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत."

आता या चिडतील, बालवाडीही जाईल, असं तिला वाटलं. झोपाळा थांबला.

"अरे, तर मग सांगायचं ना मला तेव्हाच!" तरलिकाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आमच्या कुळदेवीचा नैवेद्य तसाच असतो. बाहेरच्याला नाही, दीकरीला नाही. माझी मुलगी या गावात दिलीय, पण त्या दिवशी मी तिला घरी बोलवत नाही, तिच्यासमोर गिळवत नाही म्हणून." मग म्हणाल्या, "आणि मी त्या बाईच्या घरात बसून तेच मागितलं, आणि खाल्लं."

शैलजा उभीच होती. त्या खोलीत, त्या रविवारी, दोन आया समोरासमोर होत्या. एकीला दुसरीचं सगळं कळलं असतं. मध्ये फक्त ती होती, आणि तिला दोघींची भाषा येते म्हणूनच मंडळाने तिला घेतलं होतं.

"बालवाडीची तुम्ही काळजी करू नका," तरलिकाबेन म्हणाल्या. "सुभद्राबाईंची माफी मागायला मी जाते. एकटी जाते. माझी मोडकी हिंदी पुरेल."

शैलजाने मान हलवली. बसा, चहा घ्या, असं त्या म्हणत होत्या, पण ती थांबली नाही. बाहेर ऊन रणरणत होतं. घराकडे जाणारी रिक्षा समोर आली, तरी ती रस्त्याच्या कडेला नुसतीच उभी राहिली.