दुरुस्तीची चिठ्ठी

आमचे साहेब संसदेत सहा वेळा निवडून गेले आणि सहाही वेळा त्यांनी एकच काम मन लावून केलं: नाही म्हणण्याचं. मी सत्तावीस वर्षं त्यांची चिटणीस, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार! नव्या इमारतीला नाही, खासदारांच्या पगारवाढीला नाही, सभागृहात मतदानाचं यंत्र बसवायला तर तीनदा नाही. "आहे ते काय वाईट आहे, बाई?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मतदारसंघातून आलेल्या प्रत्येक पत्राला मात्र स्वतःच्या हाताने उत्तर, आणि नकार असेल तर पहिल्याच ओळीत. काही लोकांनी ते नकार चौकटीत बसवून भिंतीवर लावले होते. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यावर माझा एवढा जीव का, हेही मला कधी कळलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांच्याच पक्षाने विधेयक आणलं. वर्षाला शंभराहून कमी बाळंतपणं होणारे गावाकडचे प्रसूती विभाग बंद करायचे. आमच्या दवाखान्यात एकसष्ट व्हायची. साहेबांच्या दोन्ही मुली तिथेच जन्मलेल्या. पण काटकसर म्हणजे काटकसर, ती आपल्या दारात आली म्हणून तोंड फिरवायचं नाही, असं म्हणत साहेबांनी पक्षाला होकार कळवून टाकला. त्या दिवसापासून वहिनींनी अबोला धरला. ताट वाढायच्या, पण शब्द नाही.

मतदानाला मी वरच्या गॅलरीत बसले होते. साहेबांचा चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर. त्यांनी यंत्राकडे रागाने पाहिलं, बटण दाबलं, आणि फलकावर त्यांच्या नावापुढे नकाराचा लाल दिवा लागला. विधेयक एका मताने पडत होतं, ते मत आमचं होतं, आणि बटण चक्क चुकलं होतं!

अशा वेळी दुरुस्तीची चिठ्ठी मागायची असते. निकाल जाहीर होण्याआधी सही करून दिली की मत बदलतं. शिपायाने चिठ्ठी आणली. साहेबांनी चष्मा खाली ओढला, नाव लिहिलं, बाकाचा क्रमांक लिहिला, 'होकार' लिहिलं. मग पेन थांबलं. शिपाई हात पुढे करून उभा. सभापती घसा खाकरत होते. साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

पक्षात त्यांच्या नावाने शिमगा, तर गावाकडे सत्काराची तयारी. पक्षाध्यक्षांचा फोन मीच घेतला. ते म्हणाले, सत्काराच्या सभेला मी येतो, तिथे साहेबांना 'बटण चुकलं' असं जाहीर सांगू दे, सातवं तिकीट पक्कं. नाहीतर घरी बसा म्हणावं.

साहेबांना तिकीट हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. खासदारकीशिवाय त्यांना येतंय काय? साधं अंडं उकडता येत नाही. मी चार ओळींचं भाषण टाईप केलं.

"यात एक अक्षर खोटं नाही," मी बजावलं. "वाचा आणि खाली बसा. उगाच शहाणपणा करू नका."

"नाही करत, बाई."

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी दवाखान्यातली नर्स. साहेबांनी चष्मा नाकावर घेऊन चारही ओळी वाचल्या. बंड केलं नाही, बटण चुकलं, पक्षाची माफी मागतो. नर्सने मान खाली घातली. व्यासपीठावर पक्षाध्यक्ष टाळ्या वाजवू लागले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण साहेब काही बसेनात. चष्मा त्यांनी पुन्हा कपाळावर सारला.

"आता उरलेलं," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून घडी काढली. "ही दुरुस्तीची चिठ्ठी. सगळी भरलेली आहे, फक्त सही नाही. दोन मिनिटं होती माझ्याकडे. बटण चुकून दाबलं गेलं. सही मात्र चुकून राहिली नाही. ती मी केली नाही."

टाळ्या थांबल्या.

"का नाही केली?" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेबांना विचार करावा लागला. "जन्मभर विचारत आलो, आहे ते काय वाईट आहे? तो दवाखानाही आहेच की."

पक्षाध्यक्ष कुणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेले, आणि सातवं तिकीटही त्यांच्याबरोबर गेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. साहेब मात्र चिठ्ठी हातात धरून तसेच उभे, आता कुठे जायचं हे कुणी सांगितलं नसल्यासारखे. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

तेवढ्यात वहिनी उठल्या आणि व्यासपीठापाशी गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. महिन्याभरातला तो त्यांचा पहिला शब्द. "चष्मा घाला आधी. पायऱ्या दिसायच्या नाहीत."