पिवळ्या पायांचा स्टँड

तहसीलच्या साहेबानं माझा मोबाईल दोन बोटांत धरला, व्हिडिओ अर्धाच पाहिला आणि परत केला. "हे हलतंय. घर कुठलं, डोंगर कुठला, कळत नाही. सुरुंग आणि घरं एकाच व्हिडिओत, स्थिर दिसली पाहिजेत. सोमवारी तुमच्या तक्रारीची सुनावणी आहे."

सुरुंगानं घर हलतं साहेब, हात कसा नाही हलणार? हे मी बोललो नाही. तिथं गेलं की आमची जीभ चिकटते.

आमचा तांडा महागावपासून बारा किलोमीटरवर. वर टेकडी, टेकडीवर गिट्टीची खदान. तीन वर्षांपूर्वी पिवळ्या पायांचा स्टँड घेऊन मोजणीवाले आले. "नुसतं मोजतो, याडी," म्हणाले. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, रुपीबाईनं, त्यांना पाणी पाजलं. महिनाभरात खदान निम्मी टेकडी उतरून खाली आली. आता सुरुंगाचे दगड अंगणात पडतात. त्या वर्षी नेमसिंग नायकाच्या ओट्यावर ठरलं, पुन्हा पिवळे पाय दिसले तर मोडायचे. हात मीही वर केला होता.

मी लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा होता, स्टँड नव्हता. खिशात पंधराशे रुपये.

पुसदच्या कॅमेऱ्याच्या दुकानात अक्षयनं नऊशेचा काढला. "घे बादलभाऊ, एका बोटावर उचल."

"हलका कायले पायजे मले?" मी कॅमेरा लावला, स्क्रू कसला, वरून तळहात दाबला. पाय फाकले. हात काढला तशी कॅमेऱ्यानं हळूहळू मान टाकली, कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यावानी.

"तू स्टँड घेऊन राह्यला का बैल बे?"

"बैलच पायजे. सुरुंग उडला तरी हलू नये असा."

अक्षयचं हसू गेलं. त्यानं दाराकडे पाहिलं. "तसा सहा हजाराले येते. अन् भाऊ, हे इथं मोठ्यानं बोलू नको. खदानवाल्याचे पोट्टे येत राह्यतात."

तिथंच माझं तोंड शिवलं गेलं. तांड्यात कोणाला सांगायचं नाही, याडीलाही नाही, असं मी ठरवलं. हुशारी वाटली होती मला ती.

यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागं भंगारात मला हवा तो बैल सापडला. लाकडी पाय, टोकाला लोखंडी खिळे, खिळा जमिनीत घुसवायला पायरी. किलोनं मिळाला. त्याचा बोल्ट जाड, कॅमेऱ्याचा बारीक, म्हणून लेथवाल्या धम्मरत्नकडून मधली चकती करून घेतली. चकती बसवून तो स्टँडला दोन्ही हातांनी लटकला. स्टँड तसूभर हलला नाही.

"तू मेल्यावरही उभा राहीन हा," तो म्हणाला. "फक्त रंग खरडून टाक. मोजणीचा स्टँड वाटते."

"रंगानं काय फोटो बिघडते?"

ओट्यावर हात वर करणारा मीच. पण आता तो माझ्या कॅमेऱ्याचा स्टँड होता. माझ्या डोळ्यांना पिवळा रंग दिसतच नव्हता.

शनिवारी दुपारी एकला सुरुंग होता. मी बाजूच्या माळावर स्टँड रोवला, खिळे पायानं दाबले, खाली दगडांची पिशवी टांगली. डावीकडं खदान, उजवीकडं घरं. कॅमेरा चालू केला आणि ऊन लागू नये म्हणून डोक्यावरून काळा कपडा घेतला. सुरुंगाआधीचा भोंगा वाजला.

तेव्हा ते दिसले. तांड्यातून दहा-बारा जण निघाले होते, काठ्या घेऊन. पुढं याडी, हातात कुऱ्हाड. माळावर यायची वाट खदानीच्या खालून येते.

मी कपडा फेकला. "मी बादल! मांगं फिरा!" भोंगा माझ्यापेक्षा मोठा. हात हलवले. लांबून मी ओळखू आलो नाही; मोजणीवाला हाकलून राह्यला, असं वाटून याडीनं पाय उचलला. मी कॅमेरा सोडून उतारावरून पळत सुटलो. मी पोचायच्या आत डोंगर फुटला.

दगड याडीच्या कमरेत बसला.

ती यवतमाळच्या दवाखान्यात आहे. कमरेखालचं काही कळत नाही तिला. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "मोडला का रे तो?"

सोमवारी साहेबानं व्हिडिओ पूर्ण पाहिला. "उत्तम आहे. काहीच हलत नाही."

खदानवाल्याचा वकील उठला. "भोंगा स्पष्ट ऐकू येतो, साहेब. तरी लोक हत्यारं घेऊन खदानीकडं येतात. आणि हा पाहा, हा हात करून त्यांना बोलावतोय."

तो मी होतो.

"बोलावत नव्हतो! मांगं जा म्हणत होतो! ते पिवळे पाय पाहून आले!" या वेळी जीभ चिकटली नाही. साहेबानं मान हलवली, पण त्याचा पेन हलला नाही. कॅमेरा आणि स्टँड पुरावा म्हणून जमा झाले. गुरुवारी खदानीच्या हद्दीची नवी मोजणी ठरली.

परतताना मी माळावर गेलो. याडीची कुऱ्हाड वाटेतच पडली होती, दांडा चिरलेला. घरी नवा दांडा बसवला, पाचर ठोकली, दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

हलत नाही.