अस्तराची सरसर

वर्गात सगळे तिला मावशी म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. ध्वनिमुद्रण शिकायला आलेली बाकीची पोरंपोरी विशीतली आणि ही एक्कावन्न वर्षांची. तीस वर्षं तिने शिवणकाम केलं. मशीनशेजारी रेडिओ चालू असायचा, आणि आज कुठली गायिका सर्दीत गायली हे ती काज करता करता सांगायची. लेक नोकरीला लागली तशी मावशीने कात्री ठेवली आणि हौसेने नाव घातलं.

पण गेल्या आठवड्यात कानांची परीक्षा झाली. सरांनी बारीक, आणखी बारीक शिट्ट्या वाजवल्या. ऐकू आली की हात वर करायचा. शेवटच्या तीन शिट्ट्यांना सगळ्यांचे हात वर, मावशीचा मांडीवर. "वयाचा भाग आहे," सर समजुतीने म्हणाले, आणि तेच तिला जास्त लागलं.

"शनिवारी खरं रेकॉर्डिंग बघायला पाठवणार आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथेही कान चालले नाहीत, तर नाव काढून घेते."

"मग मशीनला तेल घालून ठेवू?" नवऱ्याने विचारलं. माणूस चांगला, पण कधी काय बोलावं याचा गंधही नाही.

शनिवारी सकाळी ती एकटीच स्टुडिओत पोहोचली, कारण बघायला एकावेळी एकालाच सोडत. तिथल्या इंजिनियरला पाठीमागे सगळे कानसेन म्हणत, तोंडावर सर. साठीला टेकलेला गृहस्थ. त्याने मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बोलायचं नाही. हात लावायचा नाही. खोकला आला तर गिळायचा. बोलाल तर बाहेर."

मावशीने मान डोलावली, तीही आवाज न करता.

काचेपलीकडे गायिका उभी होती. एसीच्या गारठ्याने घसा बसू नये म्हणून तिने नवाकोरा काळा कोट घातला होता. गाणं सुरू झालं. ते इतकं गोड होतं की मावशी वही उघडायची विसरली. पण ओळ वर चढली आणि स्पीकरमधून बारीकशी सरसर आली.

"थांबा!" कानसेन म्हणाला.

माईक बदलला. पुन्हा सरसर. केबल बदलली. पुन्हा तेच. स्टँड बदलला, एसी बंद करून पाहिला, असिस्टंट टेबलाखाली रांगून धूळ लावून आला. सरसर आपली जागच्या जागी.

मावशीला पहिल्या टेकलाच कळलं होतं. वरच्या सुराला गायिका हात उचलायची आणि बाही कुशीला घासायची. स्वस्तातलं चकचकीत अस्तर! असली अस्तरं तिने शेकड्याने लावली होती, आणि गिऱ्हाइकांना आधीच बजावलंही होतं की हे बोलतं हं.

पण सांगणार कोण? तिने जीभ दातांखाली धरली. सहाव्या टेकनंतर गायिका घसा चोळत म्हणाली, "सर, आता दोनदाच गाता येईल. मग आवाज नाही राहायचा."

मावशीचा हात आपोआप वर गेला, वर्गातल्यासारखा.

कानसेन वळला. "नियम माहीत आहे ना?"

"आहे. पण ते कोटाचं अस्तर आहे."

असिस्टंट फिस्सकन हसला. कानसेनचे कान लाल झाले. "बाई, मी तीस वर्षं या खुर्चीत बसतोय."

"मीही तीस वर्षं बसले आहे. मशीनवर."

"बाहेर बसा."

मावशी बाहेर बाकावर जाऊन बसली. डोळे भरून आले होते. तिने नवऱ्याला फोन लावला. "घाला मशीनला तेल," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

तेवढ्यात दार उघडून गायिका गरम पाणी प्यायला आली. "तुम्ही बाहेर कशा?"

"बोलले म्हणून. जरा हात वर करा बघू."

गायिकेने हात वर केला. शांत बोळात सरसर स्पष्ट ऐकू आली. दोघी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या.

"पण कोट काढला तर मी गारठेन हो, मावशी."

मावशीने अंगातला स्वेटर काढला. कोपरांना ठिगळं लावलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. "हा घाला. याने बोलणं कधीच सोडलंय."

गायिका आत गेली. दारावरचा, रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा लागला. आधी सहा वेळा गाणं मध्येच तुटलं होतं. या वेळी दिवा जळतच राहिला. स्वेटरशिवाय कुडकुडत मावशी त्याच्याकडे टक लावून बघत होती. दिवा विझला आणि दारातून असिस्टंटचं डोकं बाहेर आलं. "सर बोलावतायत."

आत कानसेन खुशीत होता. "मघाशी आणखी एकदा केबल बदलली. केबलच होती शेवटी! या, बसा. चुकतं माणसाचं."

मावशी मागच्या खुर्चीत बसली. पण काचेपलीकडे गायिकेने काढून ठेवलेला कोट स्वेटरवरच चढवला, माईकपाशी गेली आणि हात उचलला. खोलीभर सरसर झाली. तिने पुन्हा उचलला. पुन्हा सरसर.

असिस्टंट छताकडे बघू लागला. कानसेनने काचेतून त्या बाहीकडे पाहिलं. मग त्याचं पोट हलू लागलं, आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याने शेजारची खुर्ची पायाने ओढली. "मावशी, इथे बसा. खटकलं की बोलायचं. न बोलाल तर बाहेर."

खरं ते सांगून टाकावं म्हणून मावशी हळूच म्हणाली, "सर, मला त्या बारीक शिट्ट्या ऐकू येत नाहीत."

"मला दहा वर्षं झाली, येत नाहीत. त्यासाठी हा आहे ना." त्याने असिस्टंटकडे अंगठा केला. "शिट्टी त्याला ऐकू येते. पण कशाची आहे, ते कळावं लागतं."

मावशीने वही उघडली.

जेवणाच्या सुटीत तिने नवऱ्याला फोन लावला.

"घातलं गं तेल," तो म्हणाला. "मशीन कसं मस्त फिरतंय!"

"फिरतंय ना? मग आता तुम्हीच बसा त्याच्यावर," मावशी म्हणाली. "मला दुपारी दुसरं गाणं आहे."